भोंगा आणि शनीच्या चंद्रावरची तळी

मी एक जुना भोंगा आहे. पुस्तकात ज्याला ध्वनिक्षेपकाचा कर्णा म्हणतात, तोच मी. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माणसाच्या तोंडाबद्दल माझं मत चांगलं नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुमचंही नसतं.

माझा जन्म नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चकती फिरत्या साच्यावर दाबून मला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला. पत्रा गरम झाला, कण्हला आणि शेवटी वाकला. तिथून नागोराव मला एस.टी.च्या टपावर बांधून बोथला घेऊन आले. बोथ म्हणजे तेलंगणातलं आमचं मंडलाचं, तालुक्यासारखं गाव. कापसाचा व्यापार, सरकारी कचेऱ्या आणि त्यांच्या पायऱ्यांवर ताटकळणारी माणसं. नागोरावांनी बस स्टँडच्या रस्त्यावर माईक भाड्याने देण्याचं दुकान टाकलं होतं. त्यांनी मला फडक्याने पुसलं, कुंकू लावलं आणि मनकर्णाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला म्हणाले, "हे पाह्य, आता आपला आवाज माळापलीकडं जाईल."

आवाज गेला. पण तो नागोरावांचा कधीच नव्हता.

माझ्या तोंडून कोण कोण बोललं म्हणता! निवडणुकीला उभे राहिलेले बोलले. एकच माणूस एका वर्षी एका पक्षाकडून बोलला, पुढल्या खेपेला दुसऱ्या पक्षाकडून बोलला, आणि दोन्ही वेळा त्याचा गळा सारखाच दाटून आला. लग्नात आहेर पुकारणारे बोलले. त्यांना भांडं देणाऱ्याचं नाव पाठ असायचं, पण नवरीचं नाव विचारून घ्यावं लागायचं. सत्कारमूर्ती बोलले, सत्कार करणारे त्याहून जास्त बोलले. "मी दोनच शब्द बोलणार आहे" असं म्हणून जो खरोखर दोनच शब्द बोलला, असा माणूस मी बोथमध्ये पाहिला नाही. आणि भाषण सुरू करण्याआधी प्रत्येक जण माईकमधून माझ्या घशात फुंकर मारायचा. मी चूल होतो का?

तरी त्या दिवसांत माझं कौतुक होतं. "नागोरावचा भोंगा खणखणीत हाय," असं लोक म्हणायचे. मग ते मोठाले काळे खोके आले, ज्यांच्यापुढे उभं राहिलं की छाती हादरते आणि शब्द एकही कळत नाही. तरण्या पोरांना तेच हवे होते. नागोरावांनीही तसले दोन खोके आणले. माझ्याकडे उरली गल्लीबोळातली पुकार, देवळातली कामं आणि लग्नमांडवाच्या खांबावरची एक कोपऱ्यातली जागा. मी गंजलो नाही, ॲल्युमिनियम गंजत नाही. पण पोचे पडले, रंग उडाला, आणि एरवी मी दुकानातल्या खिळ्यावर लटकून राहू लागलो. अशा वेळी भोंग्याने काय करायचं? ऐकायचं.

नागोरावांना एकच लेक, तेजस्विनी. मनकर्णाबाई घरामागच्या तुकड्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायच्या आणि बाजारात विकायच्या. त्या भाजीवर आणि माझ्या आवाजावर ती पोरगी शिकली. ती हैदराबादला गेली, मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्र घेतलं आणि पुढे संशोधनाला लागली. उन्हाळ्यात ती घरी आली की लॅपटॉप घेऊन दुकानातच बसायची, कारण घरापेक्षा तिथला पंखा बरा होता.

एकदा नागोराव वायरी गुंडाळत होते. त्यांनी तिच्या पडद्याकडे डोकावून पाहिलं. करड्या रंगाच्या चित्रात मधेच शाईसारखा काळा डाग होता.

"हे काय वं तेजू? फोटो जळाला काय?"

"नाई बाबा. हा तलाव हाय."

"कुठचा? आपल्या इकडचा तं नाई दिसत."

"शनीच्या एका चंद्रावरचा. टायटन म्हंतेत त्याले."

मनकर्णाबाई भाजीची पाटी घेऊन दारात आल्या होत्या. त्या थबकल्या. "तिथं पाणी हाय?"

"पाणी नाई आई. आपल्या गोबरगॅसमधे जो गॅस रायते ना, त्याच जातीचा. तिथं थंडीच येवढी हाय का तो गॅस पातळ होऊन तळ्यात साचते. त्याचाच पाऊस पडते, त्याच्याच नद्या वाहतेत."

"म्हंजे गोबरगॅसचा तलाव!" मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मंग तुमी तिथं जाऊन पायलं काय?"

तेव्हा तेजस्विनीने माझ्याकडे बोट दाखवलं. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा एखाद्या शहाण्या कामासाठी उपयोगी पडलो.

"हा भोंगा माळाकडं तोंड करून लावला तं काय होते बाबा? हाक जाते आन वापस येते. रडार तेच करते. आवाजाच्या जागी रेडिओच्या लहरी सोडते. त्या चंद्रावर सदा धुक्याचं दाट पांघरूण रायते, साध्या कॅमेऱ्याले खालचं नीट दिसत नाई. पण या लहरी धुक्यातून आरपार जातेत. खडबडीत जमिनीवर पडल्या तं वापस येतेत. तलाव शांत असला तं तिरप्या पडलेल्या लहरी तिकडंच निसटून जातेत, आरशावरून उजेड जाते तशा. वापस काईच येत नाई. म्हणून तो काळा दिसते."

"आन खोली?" नागोरावांनी विचारलं. ते आता वायरी विसरले होते.

"बराबर डोक्यावरून सरळ खाली हाक मारायची. एक उत्तर वरच्या पापुद्र्याचं येते, दुसरं उशिरानं तळाचं येते. दोन्हीतलं अंतर मोजलं का खोली कळते. हे रडार ज्या यानावर बसवून शनीकडं धाडलं होतं, ते यान आता नाई. काम झालं तवा त्याले शनीतच पाडून टाकलं, जळून गेलं. पण त्याच्या रडारनं धाडलेलं समदं जपून ठेवलं हाय. तेच आमी पाहून राह्यलो. कोणता काठ सरकला, कोणता तलाव आटला."

मी खिळ्यावर लटकून ऐकत होतो. ते यान हाक मारत होतं आणि उत्तराची वाट पाहत होतं. आमच्या गावातले वक्ते बोलून झाले की लगेच घड्याळ पाहतात.

इथवर सारं छान होतं. बिघडलं ते मनकर्णाबाईंच्या कौतुकामुळे. त्यांनी बाजारात भाजी विकता विकता सांगून टाकलं, "माह्यी तेजू शनीवर अभ्यास करून राह्यली."

शेजारी मिरच्या विकणाऱ्या जयवंताबाईंच्या हातातला तराजू तसाच राहिला. "शनीवर? वं माय! दुसरं काई भेटलं नाई काय पोरीले?"

बोथमध्ये शनी म्हटलं की साडेसाती, आणि साडेसाती म्हटलं की दार लावून घ्यायचं. चंद्र, तळं, रडार हे सारं वाटेत गळून पडलं. उरला फक्त शनी. नागोरावची पोरगी दिवसभर शनीकडे पाहत बसते, एवढंच गावभर झालं. निरोप कसा नासवावा हे शिकायचं असेल तर गावासारखी शाळा नाही.

त्यातच रविकांतशेठच्या मुलीचं, मयूरीचं, लग्न आलं. रविकांतशेठ म्हणजे बोथमधले कापसाचे मोठे व्यापारी. नवरदेव तामसीकडचा. मांडव शेठच्या वखारीपुढच्या अंगणात होता. त्या अंगणात त्यांनी नुकतीच गुळगुळीत फरशी घातली होती. मांडववाल्यांनी खांबांसाठी खड्डे मागितले. शेठ म्हणाले, "नव्या फरशीले हात लावायचा नाई. खांब विटावर उभे करा अन् दोऱ्या ताणा." मांडववाल्यांनी माना डोलावल्या. मी त्यातल्याच एका खांबावर बांधला गेलो. माझ्याखाली जमीन नव्हती, चार विटा होत्या. हे नागोरावांनी पाहिलं, मांडववाल्यांनी पाहिलं, आणि जेवायला आलेल्या अर्ध्या गावाने त्या विटांना ठेचकाळून पाहिलं.

दुपारी मंगलाष्टकं सुरू होती. इंद्रवेल्लीच्या जंगलाकडून काळं आभाळ उठलं आणि वावटळ आली. अवकाळी वारा फरशीचा मान राखत नाही. पहिला खांब गेला, त्याने दुसऱ्याला ओढलं, आणि मी वरून थेट जिलेबीच्या परातीत पडलो. नवरदेवाच्या मामाचा हात मोडला. देवाची कृपा, जीव कोणाचा गेला नाही. मोडल्या मांडवात उभी राहून मयूरी रडत होती. अंतरपाट वाऱ्याने कुठे नेला ते कोणालाच कळलं नाही.

आता सांगा, दोष कोणाचा? अहो, पहिलीतल्या पोराने विटांकडे बोट दाखवलं असतं. पण विटांकडे बोट दाखवायचं म्हणजे शेठकडे बोट दाखवायचं. गर्दीत कोणीतरी म्हणालं, "शनीच्या घरचा माईक मांडवात आणला, मंग दुसरं काय होईल!" रविकांतशेठनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटकेचा भाव दिसला. थोड्याच वेळात ते पाहुण्यांना तेच वाक्य स्वतःच्या शोधासारखं ऐकवू लागले.

आणि नागोराव? त्यांनी मला परातीतून काढलं, पाक पुसला आणि घरी आणलं. मालक म्हणून माझी त्यांच्यावर माया होती, पण त्या दिवशी मला त्यांचीही कीव आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाती माईक देऊन देऊन या माणसाला स्वतःला बोलता येतं हेच तो विसरला होता.

त्यानंतर कामं तुटू लागली. ठरलेलं जावळ होतं, त्यांनी दुसरीकडचा माईक सांगितला. बारसं होतं, त्यांनी सांगितलंही नाही. दुकानाच्या उंबऱ्यावर सकाळी लिंबू आणि काळे उडीद पडलेले दिसू लागले. काल ज्यांची लग्नं मी गाजवली, तेच लोक आज दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जात. त्यांच्या हातात फोन होते, त्या फोनवर ते आकाशातल्या उपग्रहांमुळे हवामान पाहत होते, आणि मला पाहून थुंकत होते.

एका संध्याकाळी नागोराव लेकीजवळ बसले. बराच वेळ पकडीने उगाच एक वायर सोलत राहिले.

"तेजू, एक बोलू काय माय?"

"बोला ना बाबा."

"दुसरा एखादा ग्रह नाई काय भेटत तुले? गुरू घे ना. गुरू चांगला रायते."

तेजस्विनी हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल. ती म्हणाली, "बाबा, आपली पृथ्वी सोडली तं असे भरलेले तलाव फक्त तिथंच सापडले हायत. ते शनीच्या चंद्रावर हायत, याले मी काय करू?"

"लोकं तुह्याकडं कशे पायतेत ते दिसते मले."

"मले पण दिसते. पण मांडव काऊन पडला हे तुमाले ठावूक हाय ना?"

वायर सोलून पार तांबं उघडं पडलं, तरी नागोराव सोलतच होते.

मग एक दिवस स्वतः रविकांतशेठ दुकानात आले. खुर्ची पुसून घेऊन बसले. "नागोराव, माणूस तुमी चांगले. तुमचं वाईट व्हावं असं मले वाटत नाई. येत्या शनी अमावस्येला मारुतीच्या देवळात गाव जमून राह्यलं. पोरीले आणा. शनिदेवाले तेल वाहील, माईकवर सांगल का आता हा अभ्यास सोडला. चार लोकांच्या मनातली शंका जाईल. कामं पयल्यासारखी चालू होतील, शब्द हाय माह्या."

ज्याने शंका पेरली तोच ती उपटायला आला होता, आणि वर उपकाराची भाषा. मित्रांनो, असली माणसं ओळखायला शिका. ती नेहमी खुर्ची पुसून बसतात.

नागोरावांनी लेकीला न विचारता "हाव" म्हटलं. तेजस्विनीला सांगितलं, तेव्हा मनकर्णाबाई आतून ओरडल्या, "तुमाले काई लाज हाय काय वो?" पण तेजस्विनीने आईला थांबवलं. "जाईन मी. तेल पण वाहीन. माईकवर काय बोलाचं ते मी ठरवीन."

अमावस्येच्या सकाळी मला देवळापुढच्या पिंपळाला बांधलं. कित्येक आठवड्यांनंतर ते माझं पहिलं काम होतं. पारावर गर्दी होती. आधी रविकांतशेठ बोलले. परंपरा, संस्कार, गावाची एकी. लेकींनी शिकावं पण पायरी ओळखून शिकावं, हे त्यांनी इतक्या तऱ्हांनी सांगितलं, की मला माझ्या तोंडाची किळस आली. मी बोलतो तेव्हा शब्द निवडता येत नाहीत, हा भोंग्याच्या जन्माचा शाप आहे.

मग तेजस्विनी आली. तिने शनीच्या शिळेवर तेल वाहिलं, हात जोडले आणि माईक हातात घेतला. फुंकर मारली नाही.

"शनिदेवावर माह्या काई राग नाई," ती म्हणाली. "मी पाहून राह्यली तो दूरचा गोळा हाय, त्याच्याभोवती एक चंद्र फिरते. त्या चंद्रावर तलाव हायत, आपल्या इकडच्या कितीतरी तलावायपेक्षा मोठे. तिथं कोणी कापूस पेरत नाई, कोणी लग्न करत नाई. तरी तिथं पाऊस पडते."

गर्दीतली कुजबुज कमी झाली.

"एका तलावाचं चित्र रडारनं काढलं. नुसतं काळंशार, शांत. मंग यान पुन्हा तिथून गेलं तवा त्या काळ्या तलावात एक उजळ ठिपका दिसला. आधी नव्हता. पुढं काई दिवसानं पायलं तं तो गायब."

सखूबाई नावाची एक म्हातारी अगदी पुढे, पिंपळाच्या मुळावर बसली होती. आयुष्यभर तिने शेतात राबण्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. तिने कानामागे हात धरला आणि मोठ्याने विचारलं, "मंग काय होतं वं बाई ते?"

"माहीत नाई आजी. कोणी म्हंते लाटा असतील. कोणी म्हंते बुडातून बुडबुडे आले. कोणी म्हंते काई तरी तरंगत होतं. अजून पक्कं कोणालेच ठावूक नाई. मले तेच शोधाचं हाय. म्हणून हा अभ्यास मी..."

तेवढ्यात माझा आवाज बंद पडला. रविकांतशेठनी डोळ्याने खूण केली होती आणि त्यांच्या माणसाने आवाज वाढवणाऱ्या मशीनची वायर ओढली होती. शेठना तिच्या उत्तराची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती सखूबाईच्या प्रश्नाची. गर्दी ऐकायला लागली होती, आणि ऐकणारी गर्दी त्यांच्या कामाची नव्हती.

"झालं, झालं. आता प्रसाद घ्या," शेठ हात पसरून म्हणाले.

नागोराव मशीनजवळ मांडी घालून बसले होते. मला वाटलं, ते नेहमीसारखे गप्प वायरी गुंडाळायला लागतील. माझा त्यांच्यावरचा विश्वास तेव्हा पार आटला होता. ते उठले. शेठच्या माणसाच्या हातातून वायर घेतली, मशीनला लावली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि दुसरा माईक तोंडाशी धरला.

"माह्या पोरीचं बोलणं अजून व्हायचं हाय!"

मित्रांनो, भोंग्याच्या मागच्या डब्यात एक पातळ पडदा असतो. तो थरथरतो तेव्हा आवाज होतो. नागोरावांच्या त्या एका ओरडण्याने माझा पडदा फाटला. देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली, आणि मी कायमचा मुका झालो. इतकी वर्षं बोथमधल्या प्रत्येक पोकळ तोंडाला मी माझा गळा उसना दिला. माझ्या गळ्यातून निघालेलं शेवटचं वाक्य माझ्या मालकाचं होतं. मला यापेक्षा चांगलं मरण नको होतं.

"विटांवर खांब कोणी उभे करायले लावले, तेही सांगू काय शेठ?" नागोरावांनी विचारलं. ते माझ्यातून आलं नाही, नुसत्या घशातून आलं. तरी पुढच्या रांगेला नीट ऐकू गेलं. शेठनी उपरणं झटकलं आणि ते निघून गेले. त्यांच्यामागे बरेच लोक गेले. काही जण प्रसादाच्या रांगेकडे वळले. तेजस्विनी माईक खाली ठेवून पाराच्या कडेला बसली. सखूबाई सरकत सरकत तिच्याजवळ आली. मग आणखी काही बाया आल्या, मग तीन-चार पुरुष. आवाज लांब जात नव्हता, म्हणून ज्यांना ऐकायचं होतं त्यांना जवळ यावं लागलं. मी वरून पाहत होतो. माझ्या सगळ्या आयुष्यात मी जमवलेल्या गर्दीपेक्षा ते लहानसं कोंडाळं मला जास्त आवडलं.

गाव बदललं का, असं विचाराल तर नाही. बोथमधली बरीचशी कामं परत आली नाहीत. नागोराव आता तामसीकडच्या खेड्यांत माईक घेऊन जातात, बसच्या टपावर खोके बांधून. पण आता वक्त्यांनी फार ताणलं की ते स्वतः उठून सांगतात, "बस झालं साहेब, लोकं उन्हात हायत." तेजस्विनी हैदराबादला आहे. उजळ ठिपक्याचं कोडं तिला अजून सुटलेलं नाही, आणि ते न सुटल्याचा तिला आनंदच जास्त होतो, असं मनकर्णाबाई बाजारात सांगतात. जयवंताबाई अजूनही तोंड वाकडं करतात. करोत बापड्या.

मला मनकर्णाबाईंनी वांग्याच्या वाफ्यात काठीवर उलटं टांगलंय. पाखरं मला भीत नाहीत, उलट एका चिमणीने माझ्यात काडी काडी आणायला सुरुवात केली आहे. दुसरा कोणी असता तर तो तुम्हाला म्हणाला असता, मुलांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मला पुसू नका. तुमच्या थोरांनी मला पुष्कळ पुसलं, हार घातले, कुंकू लावलं, आणि माझ्या तोंडून जगभरचा कचरा ओतला. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती उद्या माईकची वायर येईल, कारण ती नेहमी कोणाच्या तरी हाती असते. तेव्हा समोर बोलणाऱ्या माणसाकडे बघा. त्याचं बोलणं व्हायचं असेल, तर हात मागे घ्या. आणि ते बोलणं खरं असेल, तर उठा आणि दोन पावलं जवळ जाऊन बसा.